बसस्टॉपवर सायकल बांधायला जागा: एवढ्याशा सोयीने बसचा पल्ला किती वाढतो?

पणजीत गाडी कुठे लावायची, या विषयावर बातमी नाही असा आठवडा गोव्यात क्वचितच जातो. पे-पार्किंगचे दर, पाटोची बहुमजली पार्किंगची इमारत, अठरा जून रस्त्यावर दोन-दोन रांगांत उभ्या गाड्या. त्यात २०२४ च्या जुलैपासून शहरात इलेक्ट्रिक सिटी बस धावू लागल्यावर, लोकांनी गाड्या घरी ठेवून बसने यावे, हे आवाहनही नेमाने कानावर पडते. आवाहन चांगलेच आहे. पण घरापासून बसस्टॉपपर्यंत यायचे कसे, ते कोणी सांगत नाही.

गोव्यात खरी गोम तिथेच आहे. आमची गावे वाड्यावाड्यांची. बस थांबते देवळापाशी नाहीतर तिठ्यावर, आणि वाडा असतो दोन किलोमीटर आत. मध्ये शेत, एखादा व्हाळ, एक चढ. आठची बस धरायची तर साडेसातला घर सोडायचे, घामाघूम होऊन स्टॉपवर पोचायचे, आणि नेमकी त्या दिवशी बस पाच मिनिटे आधी गेलेली असायची. असे दोनचारदा झाले की माणूस हप्त्याने स्कूटर घेतो, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या थोडी वर होती. नोंदणी झालेल्या वाहनांचा आकडा आज पंधरा लाखांच्या पुढे गेला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दारात चारचाकी असलेली घरे गोव्यात शेकडा ४५ च्या आसपास निघाली, म्हणजे देशात सर्वांत जास्त.

बसस्टॉपवर, स्टेशनवर आणि फेरी धक्क्यावर सायकल बांधून ठेवायला पक्की जागा असणे ही या सगळ्या पसाऱ्यात अगदी किरकोळ वाटणारी गोष्ट. ती किरकोळ का नाही, ते पाहू.

### ‘शेवटचा मैल’

वाहतुकीचे नियोजन करणारे लोक प्रवासाचे तुकडे पाडतात. घर ते स्टॉप हा पहिला तुकडा, बस हा मधला, आणि उतरल्यावर कचेरी, शाळा किंवा कारखान्यापर्यंतचा शेवटचा. टोकाच्या या दोन्ही तुकड्यांना मिळून ते ‘शेवटचा मैल’ म्हणतात. अंतर मैलभरच असते असे नाही, दोन-तीन किलोमीटरही असते. मधल्या तुकड्यावर सरकार पैसा ओतते: बस घेते, स्टँड बांधते, तिकिटाचे मशीन आणते. टोकाचे तुकडे ज्याचे त्याने बघायचे.

गोव्यात ते बघायला पायलट आहे. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवर मागे बसवून नेणारा हा इसम आमच्याकडे फार जुना; इतर शहरांत मोबाइल अ‍ॅपवरच्या बाइक टॅक्सीचा गाजावाजा झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून पणजी-मडगावात लोक पायलट करून जातात. पण कधीमधी पायलट करणे वेगळे आणि रोज दोन वेळा करणे वेगळे. महिन्याच्या पगारात ते बसत नाही.

### तिप्पट अंतर, नऊपट परिसर

आता थोडे गणित, फार नाही. साधा माणूस चालतो तासाला साधारण पाच किलोमीटर. स्टॉपपर्यंत दहा मिनिटांहून जास्त चालायची बहुतेकांची तयारी नसते, म्हणजे झाले जेमतेम ८०० मीटर. तोच माणूस सायकलवर, अजिबात घाई न करता, तासाला चौदा-पंधरा किलोमीटर जातो. त्याच दहा मिनिटांत तो सुमारे २.४ किलोमीटर कापतो. अंतर तिप्पट झाले.

पण बसला प्रवासी एका रेषेवरून मिळत नाहीत, चहूबाजूंनी मिळतात. पागेर, म्हणजे मासे धरायचे गोल जाळे, फेकणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. जाळ्याची मधल्या दोरीपासून काठापर्यंतची लांबी दुप्पट केली, तर ते पाण्यात दुप्पट जागा झाकत नाही, चौपट झाकते, आणि विणायला सूतही चौपट लागते. तिप्पट केली तर नऊपट. बसस्टॉपचेही तसेच आहे. पायी येणाऱ्यांच्या हिशेबाने एका स्टॉपचा आवाका सुमारे दोन चौरस किलोमीटर, सायकलने येणाऱ्यांच्या हिशेबाने अठरा.

हे झाले कागदावर. प्रत्यक्षात अर्धे वर्तुळ मांडवीत जाते, थोडे सड्यावर, थोडे खाजनात, आणि रस्ते वळणावळणाचे. नऊपट सोडा, तिप्पट परिसर जरी हाती लागला तरी त्याच बसला, त्याच ड्रायव्हर-कंडक्टरला, एक लिटर जादा डिझेल न घालता किती वाडे जोडले गेले ते पाहा. नवी बस सुरू करणे हा बस वाढवायचा एक मार्ग झाला. चालू बसपर्यंत जास्त लोकांना पोचू देणे हा दुसरा, आणि तो पुष्कळ स्वस्त आहे.

मात्र सायकलने आलेल्याला ती स्टॉपवर सोडून बसमध्ये चढावे लागते, आणि संध्याकाळी परतल्यावर ती तिथेच, दोन्ही चाकांसकट मिळावी लागते. ही खात्री नसेल तर वरचे सगळे गणित पुसून टाका.

### मग स्कूटरलाच जागा द्या ना!

हा आक्षेप सर्वांत आधी येतो, आणि तो वाजवी आहे. स्कूटर घरात आहेच, चढ लागत नाही, घाम येत नाही. स्टॉपवर स्कूटरसाठी जागा केली की काम झाले.

पण माणसाचे वागणे बघा. डिचोलीहून पणजीला जाणाऱ्याने एकदा स्कूटरची किल्ली फिरवली की तो डिचोलीच्या स्टँडवर थांबून बसची वाट कशाला बघेल? पेट्रोल टाकीत आहे, हेल्मेट डोक्यात आहे, तो सरळ पणजी गाठतो. स्कूटर घरापासून कचेरीपर्यंत सगळाच प्रवास स्वतः करू शकते, म्हणून ती बसची प्रतिस्पर्धी आहे. सायकलवाला रोज तीस किलोमीटर मारणार नाही, त्याला बस लागतेच. पावसापाण्याच्या दिवसांत किंवा पेट्रोल महागले की स्कूटरवालेही बसकडे वळतात, नाही असे नाही. पण भरवशाचा गिऱ्हाईक सायकलवालाच.

दुसरा मुद्दा जागेचा. एका मोटारीला लावायला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. तेवढ्यात नीट मांडणी केली तर दहा सायकली राहतात. तिठ्यावरच्या स्टॉपला मुळात जागा किती असते ते आपल्याला ठाऊक आहे: एक निवारा शेड, त्यावर आमदार निधीची ठळक पाटी, शेजारी गाडा, मागे गटार. तिथे मोटारी लावायला जागा काढणे अशक्य, दहा सायकलींना काढणे शक्य.

### जागा आखली म्हणजे पार्किंग झाले नाही

इथे थोडे रेंगाळायला हवे, कारण बहुतेक घोटाळे इथेच होतात.

तुम्ही शाळेच्या आवारात किंवा एखाद्या सरकारी कचेरीबाहेर ते लोखंडी स्टँड पाहिले असेल: खाली गजांच्या खाचा, त्यात पुढचे चाक घुसवायचे. दिसायला व्यवस्थित. प्रत्यक्षात सायकलचा सगळा भार त्या एका चाकावर येतो. शेजारच्याने आपली सायकल ओढताना धक्का दिला की पंधरा-वीस किलोचे धूड कलंडते, आणि खाचेत अडकलेल्या चाकाची रिम वाकते. शिवाय कुलूप लावायचे कशाला? चाकाला. चाक काढून ठेवून उरलेली सायकल घेऊन जाणे चोराला दोन पान्यांचे काम. आपल्याकडच्या साध्या सायकलींना मागच्या चाकावर कडीचे कुलूप असते, त्याने चाक फिरत नाही इतकेच. सायकल उचलून टेम्पोत टाकायला चाक फिरावे लागत नाही.

म्हणून लोक काय करतात? साखळीने विजेच्या खांबाला बांधतात, नाहीतर शेडच्या खांबाला, नाहीतर माडाला. यातच खऱ्या उत्तराची खूण आहे. सायकलचा सांगाडा, म्हणजे सीटपासून हँडलपर्यंतचा तिकोनी नळ्यांचा भाग, एखाद्या जमिनीत रोवलेल्या वस्तूला बांधता आला पाहिजे.

जगभर मान्य झालेली रचना अगदीच साधी आहे: उलट्या ‘यू’च्या आकारात वाकवलेला नळ, दोन्ही पाय काँक्रीटमध्ये. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरावरून त्याला शेफील्ड स्टँड म्हणतात. आपण कमान म्हणू. जमिनीपासून उंची पाऊण मीटर, लांबी पाऊण ते एक मीटर, नळ साधारण दोन इंची. सायकल तिला टेकते, म्हणून पडत नाही. सांगाडा आणि एक चाक मिळून साखळी घालता येते. एका कमानीला दोन सायकली, एक इकडून, एक तिकडून. दोन कमानींत मीटरभर अंतर सोडायचे. कंत्राटदार ते हमखास कमी करतो, कारण तेवढ्याच जागेत जास्त कमानी दाखवता येतात, आणि मग हँडले एकमेकांत अडकतात. असला नळ वाकवायला परदेशी कंपनी लागत नाही. खिडक्यांचे ग्रिल करणारा कुठलाही वेल्डर करून देईल.

गोव्यासाठी त्यात चार गोष्टी जोडाव्या लागतील. पणजीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, म्हणून वर छप्पर हवे. निवारा शेडचेच पत्रे दोन मीटर पुढे ओढले तरी पुरते. किनाऱ्याकडची हवा खारी. नुसता रंग दिलेला नळ दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे टाकायला लागतो, तेव्हा जस्ताचा मुलामा दिलेला नळ घ्यावा. रात्री दिवा हवा, कारण शेवटच्या बसने येणारी मुलगी अंधारात साखळीचे कुलूप चाचपडत बसणार नाही, ती दुसऱ्या दिवसापासून सायकल आणायचेच सोडून देईल. आणि कमानी स्टॉपच्या अगदी लगत हव्यात, चहाच्या गाड्याच्या, भुसारी दुकानाच्या नजरेत. पन्नास पावले मागे, भिंतीआड केलेला स्टँड चोराच्या सोयीचा. कॅमेऱ्यापेक्षा गाड्यावरचे चार रिकामटेकडे जास्त उपयोगी पडतात, असे माझे मत आहे.

राहिला एक प्रश्न: तिथे स्कूटर लावल्या तर? लावणारच. पाटी लिहून काही होत नाही. कमानी अर्धा-पाऊण फूट उंच ओट्यावर बसवल्या की प्रश्न बराचसा मिटतो. सायकलचे पुढचे चाक कोणीही उचलून वर ठेवतो. शंभर किलोच्या पुढची स्कूटर रोज कोण चढवणार? पावसाचे पाणीही ओट्यावर येत नाही.

### फेरीबोटीचे गणित वेगळे

बसमध्ये सायकल घेऊन चढता येत नाही. फेरीबोटीत येते, आणि पायी जाणाऱ्याला तिथे भाडेही पडत नाही. त्यामुळे धक्क्यावर दोन प्रकारचे लोक भेटतात.

चोडणचा माणूस सायकल बोटीत घालून रायबंदरला उतरला तर पुढे पणजीपर्यंतचा रस्ता सपाट आहे, जुन्या पोर्तुगीज बांधावरून. त्याला धक्क्यावर पार्किंग नको, पणजीत हवे. बेतीचे उलटे. नदी ओलांडली की माणूस थेट पणजीच्या काठावर उतरतो, बाजार, सचिवालयाची जुनी इमारत, बँका, सगळे चालण्याच्या अंतरात. त्याला सायकल बोटीत कोंबण्यापेक्षा बेतीच्या धक्क्यावर बांधून जाणे सोयीचे. पर्वरी-बेतीच्या बाजूने सायकलवाल्याला पुलावरून येणे अवघडच: मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाक्यांना मज्जाव आहे, आणि मांडवीच्या जुन्या पुलांवर बस-ट्रकांच्या झोतात हँडल सांभाळणे सुखाचे नाही. दिवाडी, कुठ्ठाळी-मडकई, दुर्भाट-रासई, प्रत्येक धक्क्याचा स्वभाव निराळा. सरसकट दहा-दहा कमानी ठोकण्याआधी तिथे सकाळी आठ वाजता उभे राहून बघितलेले बरे.

रेल्वेचे थोडक्यात. कोकण रेल्वेची स्टेशने गावांपासून लांब: थिवीहून म्हापसा आणि करमळीहून पणजी, दोन्ही दहा किलोमीटरच्या आसपास. म्हापसेकर काही सायकलने थिवीला जाणार नाही, पण थिवी-शिरसई-अस्नोड्याच्या माणसाला स्टेशन सायकलच्या टप्प्यात आहे. वास्को-कुळे मार्गावर, सावर्डे-कुडचडे परिसरात, हा विचार जास्त लागू पडतो.

### दुसऱ्या टोकाला काय?

वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत बसमधून उतरलेल्या कामगाराला आत दीड-दोन किलोमीटर चालावे लागते, उन्हात. त्याची सायकल घरी असून उपयोग काय?

नेदरलँड्समध्ये लोक यावर एक साधा उपाय करतात: उतरायच्या स्टेशनवर दुसरी, जुनी, डबडा सायकल ठेवतात. ती दिवसा वापरात असते आणि रात्री स्टेशनवर झोपते. तिला उघडी कमान पुरत नाही, कुलूपबंद जाळीची खोली लागते. जुनी सायकल आपल्याकडेही माळ्यावर पडलेली असते. वसाहतीच्या फाटकाजवळ अशी एक खोली आणि तिची किल्ली रखवालदाराकडे, इतके कारखानदारांच्या संघटनेला जड नाही.

नेदरलँड्सचे नाव निघालेच आहे तर: तिथे घराकडून रेल्वे स्टेशनवर येणाऱ्यांत दहापैकी चार जण सायकलने येतात. युट्रेख्त स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकलींचे तळघर आहे, २०१९ मध्ये ते पूर्ण झाले, आणि पहिले २४ तास फुकट. आम्सटरडॅमला २०२३ मध्ये पाण्याखाली सात हजार सायकलींची जागा झाली. गोव्यात लगेच कोणी म्हणेल, तो देश सपाट आणि श्रीमंत. म्हणून जपानकडे पाहावे. डोंगर, पाऊस, वादळे, सगळे आहे. १९७० च्या दशकात तिथल्या उपनगरी स्टेशनांपुढे सायकलींचा इतका खच पडू लागला की चालायला वाट उरेना, तेव्हा १९८० मध्ये त्यांनी सायकलींच्या पार्किंगसाठी कायदाच केला. म्हणजे सायकली आधी आल्या, जागा नंतर. आपल्याला निदान उलटा क्रम लावायची संधी आहे.

### ‘गोवा म्हणजे चढउतार’

अर्धे खरे. पर्वरीचा सडा, पणजीचे आल्तिनो, वास्कोकडचे चढ, तिथे साध्या सायकलने रोज कोणी जाणार नाही. पण चोडण, दिवाडी, सासष्टीचा किनारपट्टा, शेतांच्या कडेने गेलेले डिचोली-पेडण्याचे कितीतरी रस्ते सपाट आहेत. सुरुवात तिथून करावी. शिवाय विजेवरची सायकल आता आहे: मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर तिला ना नोंदणी लागते ना परवाना. चढ तिला फारसा जाणवत नाही. ती महाग असते, म्हणून तर बांधायला भक्कम कमान आणखीच गरजेची.

### ‘रस्त्यावर जीव जाईल’

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. गोव्यातल्या अपघातांच्या बातम्या वाचून कोणत्या आईला वाटेल मुलाने हायवेवर सायकल घालावी? नुसत्या कमानींनी रस्ता सुरक्षित होत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. तरी एक फरक आहे. सायकलने थेट पणजी गाठायची तर महामार्ग चुकत नाही. वाड्यावरून तिठ्यापर्यंतच जायचे तर रस्ता गावातला असतो, तोच, ज्यावरून रोज पहाटे पों पों वाजवत पोदेर सायकलने पाव घालतो. धोक्याचा लांबचा पट्टा बसवर सोपवणे हाच या जोडणीचा फायदा. मात्र स्टॉप महामार्गाच्या पलीकडे असेल तर आधी ओलांडायची सोय, मग कमानी. हा क्रम उलटा करू नये.

आणि बसच वेळेवर नसेल, संध्याकाळी सात-आठनंतर गावाकडे गाडीच नसेल, तर स्टॉपवर सोन्याच्या कमानी लावूनही फायदा नाही. सायकलवाला चालत्या बसचे गिऱ्हाईक वाढवतो, बंद पडलेली बस चालू करत नाही.

### करायचे कोणी?

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचा गाभाच असा की वाहने हलवण्यापेक्षा माणसे हलवा. कागद तयार आहे. अडते ते जागेच्या मालकीपाशी. बसस्टँड कदंब महामंडळाचा. धक्का नदी परिवहन खात्याचा. स्टेशन कोकण रेल्वेचे किंवा दक्षिण पश्चिम रेल्वेचे. तिठ्यावरचा रस्ता कधी सार्वजनिक बांधकाम खात्याचा, कधी पंचायतीचा, आणि महामार्ग असेल तर केंद्रापर्यंत वाट जाते. सायकलवाला मात्र एकच.

सर्वांत सोपी सुरुवात पंचायतीच्या ताब्यातल्या स्टॉपवर. साधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या एका रविवारी होते. मागणी तीन कमानींची करावी, सहा सायकलींची. तीसची नको, कारण रिकामा स्टँड दिसला की पुढच्या वर्षी तो उखडायचा ठराव येतो. कुठल्या स्टॉपवर, हे आधी फिरून ठरवावे: जिथे आताच दोन-तीन सायकली खांबांना बांधलेल्या दिसतात, ती जागा पहिली. ठरावात नुसते ‘सायकल स्टँड’ असे लिहू देऊ नये, नाहीतर तेच चाक घुसवायचे गज येतील. उंची पाऊण मीटर, अंतर एक मीटर, पाय काँक्रीटमध्ये, जस्ताचा मुलामा, वर छप्पर, असे मोजमाप इतिवृत्तात उतरवून घ्यावे. आणि ती जागा नक्की कोणाची हे पंचायत सचिवाला आदल्या आठवड्यातच विचारून ठेवावे. सभेत ‘ती आमच्याकडे येत नाही’ असे उत्तर मिळाले, तर पुढची सभा तीन महिन्यांनी असते.